गिरणीची वाट

दादाने बैठक घरात होऊच दिली नाही. "पंपाची मोटार संध्याकाळपर्यंत भरून द्यायची आहे. ज्याला बोलायचंय त्याने इथे येऊन बोलावं," म्हणाला, आणि अख्खं घर वर्कशॉपमध्ये येऊन बसलं. ताई एका पालथ्या खोक्यावर, छोटू कपाटाला पाठ लावून उभा, आणि आत्या दादाच्या मुलीने, चिमणीने, घरातून उचलून आणलेल्या खुर्चीत. समोर टेबलावर मोटार पोट उघडून पडली होती. तिच्या खाचांमधून दादा तांब्याच्या तारेचे वेढे एकेक करून बसवत होता. डोकं वर काढायला लागू नये म्हणूनच त्याने हे काम काढलंय, हे सगळ्यांना कळत होतं.

वॉर्निशचा वास तसाच होता. ताईला वाटलं, आपण या घरातून गेल्यापासून न बदललेली ही एवढीच गोष्ट.

"टेकडी कुणी मागत नाहीये रे," ती म्हणाली. "जायच्या-यायच्या वाटा मागतायत. तीन वाटा. पायाखालची तेवढी जमीन."

"पायाखालची वाळू म्हणतात तिला," दादा म्हणाला.

छोटू हसला. मग आपण दादाच्या विनोदाला हसलो, हे लक्षात येऊन गप्प झाला. वाटण्या झाल्या त्या दिवसापासून तो वर्कशॉपमध्ये आलाच नव्हता. पन्नाशी गाठली, डोक्यावरचे केस गेले, मोजणीच्या कचेरीत नकाशे काढणारा म्हणून नाव झालं, तरी या घरात तो छोटूच होता.

टेकडी घरामागेच होती. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, आणि आत्याने मिळून घेतलेली. अण्णा गेल्यावर ती तिघा भावंडांच्या आणि आत्याच्या नावावर आली. तिच्यावरून पूर्वीपासून सगळं गाव जा-ये करायचं. पलीकडच्या वस्तीला बाजार अलीकडे, अलीकडच्यांना आरोग्य केंद्र पलीकडे. पण दादाची बायको, वहिनी, वारली आणि त्याच वर्षी दादाने खालून वरून काटेरी तारेचं कुंपण घातलं, फाटक बसवलं, कुलूप लावलं. तेव्हापासून लोक रस्त्याने वळसा घालून जायचे. आता गावातल्या मंडळींनी मागणी केली होती : टेकडी तुमची तुम्हाला लखलाभ, वाटा मात्र कायमच्या लोकांना द्या. चौघांच्या सह्या लागणार होत्या. शाळेच्या मोठ्या बाई आणि पोस्टातून निवृत्त झालेले काका उत्तर घ्यायला दुपारी येणार होते.

"आणि उद्या तिथे कुणी पाय मोडून घेतला तर?" दादा तारेला ताण देत म्हणाला. "कुणी वाळल्या गवतात काडी टाकली तर? निस्तरायला कोण धावणार? हा तिकडे रेघोट्या मारणार, तू शहरात शाळेची बस चालवणार. इथे मी राहतो."

"इथे मी राहतो" हे त्याचं ठेवणीतलं हत्यार होतं. प्रत्येक भांडणात ते बाहेर निघायचं आणि प्रत्येक वेळी ताईला लागायचं.

"म्हणून काय आम्ही परके झालो?"

"मी कुठे म्हटलं?"

"म्हणायला कशाला पाहिजे? तुझं कुंपण म्हणतंय की."

आत्या डोळे मिटून बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही. ती दादाच्याच बाजूची असणार हे सगळ्यांनी धरलं होतं. वाटण्यांच्या वेळी वर्कशॉप थोरल्याकडेच राहील म्हणून तिने छोटूशी उभा दावा मांडला होता, ते कोण विसरेल?

चिमणी मात्र बापाच्या हातांकडे बघत होती. ती पलीकडच्या आरोग्य केंद्रात नर्स होती. कुंपण झाल्यापासून रोज सकाळी दोन बस बदलून कामावर जायची. फाटकाची किल्ली स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला अडकवलेली असायची, आणि तिने ती एकदाही मागितली नव्हती. बापानेही कधी "घे" म्हटलं नव्हतं.

"असं बसून काय होणार आहे?" ताई उठली. "मी वर जाऊन येते. वाटा उरल्यात का ते तरी बघू. नसतील तर भांडण मिटलं."

"किल्ली आणते," चिमणी म्हणाली.

"तुम्हाला उघडणार नाही ते कुलूप. गंजलंय." दादाने हात पुसले. "मीच येतो."

*

फाटकापासूनची पहिली वाट लाकडाची. अण्णा सुतार होते. वरच्या अंगाला तोडलेले ओंडके याच वाटेने दोरांनी खाली सोडायचे. वाट अजून मधोमध खोलगट होती, पन्हळीसारखी. ताई पुढे चालत होती. पायांना सगळं पाठ होतं. कुठे मुळी आडवी येते, कुठे दगड हलतो. शहरात ती आरशांत बघत गाडी हाकायची, तीन-तीन आरसे. इथे बघायला लागतच नव्हतं.

"इथेच ना रे तू झाडावर चढून बसला होतास?" ती वळून छोटूला म्हणाली.

"बसलो नव्हतो, अडकलो होतो."

गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती, तरी चिमणी म्हणाली, "सांग ना काका."

छोटू थांबला. त्याला ते झाड दिसत नव्हतं. बहुधा पडलं असावं. पण ती संध्याकाळ मात्र लख्ख दिसत होती. चढताना फांद्या कशा जवळ जवळ होत्या, आणि उतरताना बघावं तर मधल्या कुणी काढून नेल्यासारख्या. खाली दादा उभा राहून "उतर रे, उतर रे" म्हणत रडकुंडीला आलेला. तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला आणि पाळी सुटलेल्या बायका वरून वाटेने येऊ लागल्या. केसांत कापूस, तोंडाचा पट्टा चालू.

"आत्या सगळ्यात पुढे," छोटू म्हणाला. "मला बघितलं आणि ओरडली नाही की काही नाही. एकीच्या खांद्यावरची चादर घेतली, चौघींनी चार टोकं धरली आणि म्हणाली, 'टाक उडी, पिकलेल्या फळाला लाजायचं कारण नाही.'"

"टाकलीस?"

"पर्याय काय? मग त्याच चादरीतून झुलवत मला घरी नेलं. आई दारात आली तर एक जण म्हणते कशी, 'वाटेत पडलेलं सापडलं हो, हे तुमचंच का?'"

दादा मागून चालत होता. त्याच्या घशातून एक आवाज आला. हसू असावं. छोटूने मागे वळून बघितलं नाही. किती वर्षांनी आपण दोघं एका वाटेवर मागेपुढे चालतोय, एवढंच त्याच्या मनात आलं. वाटण्यांच्या दिवशी आपण "रडकुंड्या, तुझ्याने काय होणार" असं याला सगळ्यांदेखत म्हटलं होतं. आणि त्या झाडाखाली तो रडकुंडीला आला होता तो आपल्यासाठी.

लाकडाची वाट जिथे संपते तिथे डावीकडे झऱ्याची वाट फुटते. ती काट्यांनी पार बुजली होती. उजवीकडची गिरणीची. ती सगळ्यांत रुंद, सगळ्यांत जुनी, थेट माथ्यावरून पलीकडे उतरणारी. तिच्यावर गवत होतं, पण ते आजूबाजूच्या गवतापेक्षा बुटकं होतं. इतक्या वर्षांच्या पावलांनी दाबलेली माती, तिच्यात मुळं सहजासहजी उतरत नव्हती.

"नकाशावर ही वाट नाहीये, माहितेय?" छोटू म्हणाला. "कुठल्याच नकाशावर नाही. सरकारच्या लेखी इथून कुणी कधी गेलंच नाही."

*

वरच्या वळणावर दगडी बाक होता. दादा तिथे पोचला तेव्हा बाकीचे आधीच थांबले होते.

हा बाक त्यांनी पाहिला नव्हता. ताई, छोटू दोघांनीही नाही. वहिनीच्या आजारपणात ती दोघं यायची, दवाखान्यात बसायची, जायची. टेकडीवर कोण कशाला येईल? बाक दादाने एकट्याने बांधला होता. वहिनीला फिरायला सांगितलं होतं डॉक्टरांनी, आणि ती या वळणापर्यंत यायची नि धापा टाकत वाटेतच बसायची. म्हणून त्याने रविवारी रविवारी दगड आणून रचले. सुताराचा मुलगा, तारा गुंडाळणारा माणूस, दगडाचं काम त्याला येत नव्हतं. एक पाय तिरका झाला होता. वहिनी म्हणाली होती, "बरा आहे, माझ्यासारखाच."

ताई बसायला गेली आणि तिचा हात दगडावरून फिरला. तिथे काहीतरी खरवडलेलं होतं. कुणाच्या तरी नावांची अक्षरं. खिळ्याने, खोल.

"हे काय?"

"लोक," दादा म्हणाला.

मग तोच पुढे बोलू लागला. "ती गेल्यावर आठवडाभर मी वर आलो नाही. मग आलो. खाऊन टाकलेली सालं, बाटल्या, कागद. आणि हे. ताजं होतं, दगडाची भुकटी होती अजून खाली. मी पाण्याने धुतला, घासला. अक्षरं काय जातात?" त्याने अंगठा अक्षरांवरून फिरवला. "त्याच दिवशी खाली जाऊन तार आणली."

ताई बाकावरून उठली. तिला त्या जागी बसवेना. सकाळपासून आपण कुंपणाला नावं ठेवतोय, आणि हा गडी हे पोटात घेऊन मोटार भरत बसला होता.

"तू सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं?"

"अरे, एवढं तरी…" मग ती छोटूकडे वळली. "नाही द्यायच्या वाटा. राहू दे कुंपण."

"ताई!" छोटू उडालाच. "फोनवर तास तास बोललीस माझ्याशी. शब्द दिलास. बाईंना काय सांगू मी?"

"सांग, माझी बहीण फिरली म्हणून."

"म्हणजे कुणीतरी एक गाढव अक्षरं खरवडून गेला, त्याची शिक्षा गावाला?"

"तुझ्या बायकोचा बाक असता तर कळलं असतं."

"असं बोलू नकोस हां."

"भांडू नका," दादा म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. ताई आपल्या बाजूला आली याचं त्याला बरं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही.

चिमणी बाकाजवळ गेली. "बाबा," ती म्हणाली, "आई इथे कशी बसायची आठवतं तुम्हाला?"

"न आठवायला काय झालं?"

"कुठे तोंड करून?"

दादाने बघितलं. बाकासमोर दरी होती. खाली गावाची छपरं, नदीचं वळण, आणि कडेने डोकावणारं पलीकडच्या गिरणीचं थंड पडलेलं धुरांडं. ते दिसावं म्हणूनच त्याने बाक तसा बांधला होता. आणि वहिनी… वहिनी दरीकडे पाठ करून बसायची. पाय वाटेच्या बाजूला सोडून. तो संध्याकाळी वर यायचा तेव्हा तिचा चेहरा त्याला लांबूनच दिसायचा.

"माझी वाट बघत बसायची," तो म्हणाला.

"तुमचीही बघायची. पण तुम्ही यायचात संध्याकाळी. दुपारभर ती कुणाची बघायची?" चिमणीला हे बोलायचं नव्हतं. इतके दिवस तिने ते गिळून ठेवलं होतं, कारण बापाकडे आईचं जे होतं त्याला धक्का लावायची तिला भीती वाटायची. "मी यायचे ना ड्यूटीवरून इथूनच. कधी एकटी नसायची ती. कुणी बाजारातून येणारी पिशवी टेकवून बसलेली, कुणी शाळेतून सुटलेली पोरं. मी म्हणायचे, आई, दमशील, बोलू नकोस एवढी. तर म्हणायची, घरात सगळे माझ्याकडे आजारी म्हणून बघतात गं. इथे येणाऱ्याला ठाऊकच नसतं. तो विचारतो, बाजारात कांदा काय भाव."

वारा आला आणि गेला. छोटूने खाली बघितलं. ताईने डोळे पुसले, बसच्या ड्रायव्हरच्या खरखरीत हाताने, उलट्या बाजूने.

दादा बाकावर बसला. आधी दरीकडे तोंड करून, नेहमीसारखा. मग त्याने पाय उचलले आणि वळून वाटेकडे सोडले. समोर गवताळलेली रिकामी वाट होती. बराच वेळ तो तिच्याकडे बघत राहिला. कुणीच येत नव्हतं.

*

ती चौघं खाली आली तेव्हा आत्या वर्कशॉपच्या दारात खुर्ची ओढून उन्हाला बसली होती.

"काय ठरलं?"

"काही नाही," छोटू म्हणाला. "ताई दादाकडे गेली. तू तर त्याच्याकडेच आहेस. तीनास एक."

"मी त्याच्याकडे आहे हे कुणी ठरवलं?"

सगळे तिच्याकडे बघत राहिले.

"मला विचारलं का कुणी? सकाळपासून नुसती खुर्ची हलवतायत. म्हातारीला उन्हात ठेवा, म्हातारीला सावलीत ठेवा. मी काय लोणच्याची बरणी आहे?" आत्याने काठी आपटली. "त्या टेकडीचा निम्मा हिस्सा माझ्या पगाराचा आहे. गिरणीत उभं राहून राहून पायांच्या शिरा फुगल्या त्या पगाराचा."

"पण आत्या, कुंपण घातलं तेव्हा तू काही बोलली नाहीस," ताई म्हणाली.

"तेव्हा याचं घर जळत होतं. जळत्या घराला दार का लावलंस म्हणून विचारतात होय?" ती दादाकडे वळली. आवाज खाली आला. "पण आता पुरे बाबा. ऐक. अण्णा नि मी ती टेकडी बघायला गेलो, तेव्हा विकणारा म्हणाला, वाट तेवढी बुजवून घ्या, बायाबापड्या घुसतात. त्याला ठाऊक नव्हतं, त्या बायाबापड्यांतली एक त्याच्यासमोर उभी आहे. अण्णा माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, वाट आधीची आहे, आम्ही नंतरचे. बुजवायची कुणी?"

आत्याने काठी टेकडीकडे उगारली.

"पहाटेच्या पाळीला निघायचो आम्ही. पुढची कंदील धरायची, मागच्या तिच्या सावलीत पाय टाकत जायच्या. कुणाचं लग्न मोडलेलं, कुणाच्या पोटात पोर, कुणाचा नवरा दारूत. सगळं त्या चढावर बोलून व्हायचं. माथ्यावर पोचेपर्यंत अंग हलकं. गिरणीत तर यंत्रांचा आवाज, शब्द ऐकू यायचा नाही. आमचं आयुष्य त्या वाटेवर झालं. बंद पडली गिरणी, पाडतील उद्या. वाट तेवढी राहिली आमची. आणि तिला तू कुलूप लावलंस."

दादाने खाली मान घातली. मग आत जाऊन मोटारीपाशी बसला. तारेचं टोक हातात घेतलं, पण वेढा घातला नाही. बाहेर सगळे थांबले होते. त्याला ते कळत होतं, आणि पहिल्यांदाच घाई करावीशी वाटत नव्हती. वहिनीने त्याचीही वाट बघितली होती, हे खरंच होतं. ते त्याच्याकडून कुणी नेत नव्हतं.

"छोटू," त्याने आतून हाक मारली. "नकाशावर नाही म्हणालास ना ती वाट?"

"नाही."

"मग काढ. वाकडीतिकडी आहे तशी काढ. शहाणपणा करून सरळ करू नकोस."

*

बाई आणि पोस्टातले काका आले तेव्हा त्यांनी बरीच तयारी करून आणलेली होती. फायदे, सुरक्षा, काय काय. छोटूने त्यांना बसवलं आणि दादाने त्यांचं पहिलं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही.

"देतोय आम्ही," तो म्हणाला.

बाई गडबडल्या. बोलायचं ठरवलेलं सगळं तसंच राहिलं. "तुमचे फार उपकार…"

"उपकार राहू देत. तीन गोष्टी. डांबर घालायचं नाही. कचऱ्याचं तुम्ही बघायचं. झऱ्याच्या वाटेवरचे काटे आपण सगळ्यांनी मिळून काढायचे, माझ्या एकट्याने होणार नाही."

"कबूल. आणि आम्ही म्हणत होतो, सुरुवातीला एक छानशी पाटी लावू. तुमच्या अण्णांचं नाव, किंवा वहिनींचं."

दादा आत्याकडे बघू लागला.

"पाटी लावलीत तर उपटून चुलीत घालीन," आत्या म्हणाली. "नाव लावलं की माणसं बिचकत चालतात. पाहुण्यासारखी."

पोस्टातले काका मोठ्याने हसले. "हे मात्र खरं. मी जन्मभर चाललोय त्या वाटेने. कुणाची आहे हे कुंपण झाल्यावर कळलं."

त्यांनी सहज म्हटलं होतं. दादाला ते लागलं, आणि लागूनही राग आला नाही.

सह्या झाल्या. महिना गेला त्यातच. छोटू दर रविवारी यायचा, दादाच्या हातात मोजपट्टीचं एक टोक देऊन दुसरं आपण धरायचा. झऱ्यापाशी वाट दगडाच्या अलीकडून जाते की पलीकडून, यावरून दोघांचं असं जुंपलं की चिमणी धावत आली. येऊन बघते तर दोघं चिखलात उभे राहून अण्णा कुठून चालायचे ते एकमेकांना चालून दाखवत होते.

तार काढली त्या सकाळी ताई बसची पाळी बदलून आली. आत्याला खुर्चीसकट उचलून फाटकापाशी नेलं होतं. बाई, काका, पलीकडच्या वस्तीतली काही माणसं येणार होती. त्यांना उशीर झाला. दादाने दाढी केली होती, धुतलेला शर्ट घातला होता. काहीतरी बोलावं लागेल म्हणून मनाशी जुळवत होता. सगळं कुटुंब वाटेच्या तोंडाशी ओळीने उभं होतं, फोटोला उभं राहतात तसं.

तेवढ्यात रस्त्याने एक तरुण आला. कुणाच्या ओळखीचा नव्हता. कानात इअरफोन, पाठीला पिशवी, कामाला निघालेला. तार नाही हे बघून तो सरळ वळला, समोर ओळीने उभ्या माणसांकडे त्याने बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला,

"जरा सरकता का?"

दादा सरकला. तो तरुण त्याच्या खांद्याला घासून चढाला लागला, आणि वळणाआड दिसेनासा झाला. आभार नाही, नमस्कार नाही. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

छोटूने दादाच्या चेहऱ्याकडे भीत भीत बघितलं. दादा तोंडावर हात धरून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. मग हात बाजूला झाला आणि वहिनी गेल्यापासून या घरात कुणी ऐकलं नव्हतं असं गडगडाटी हसू त्याच्यातून बाहेर आलं. ताई हसायला लागली, चिमणी हसायला लागली, आणि हसता हसता कोण रडतंय ते कळेना.

"झालं," आत्या खुर्चीतून म्हणाली. "वाट झाली बघा ती."